तेरा नंबरची लाइन

"माझ्या खोलीतून नागपूरला फोन लागला नाही पाहिजे. मी रडली, भांडली, तरी लाइन उघडू नको," इंदूताई खानझोडे म्हणाल्या.

चिखलदऱ्याच्या त्या हॉटेलात हेमलता फोन सांभाळायची. बिल थकवणाऱ्या पाहुण्यांचे बाहेरगावचे फोन बंद ठेव, असं मालक नेहमीच सांगत. पण पाहुण्यानं स्वतःहून सांगितलेलं ती पहिल्यांदाच ऐकत होती. तिनं कारण विचारलं.

"पोरगा गेला माझा. घराला कुलूप आहे. तरी तिथं फोन लावला की कोणीतरी उचलते. बोलत नाही, नुसता श्वास ऐकू येते. दिवसभर तेच ऐकत बसते मी. अशानं तो सुटायचा कसा?"

हेमलतानं तेरा नंबरच्या खोलीची लाइन बंद केली. दुपारी इंदूताई खरंच खाली आल्या आणि काउंटर धरून विनवू लागल्या. "एकदाच लावून दे न, बाई!" हेमलता बधली नाही.

तेवढ्यात बाहेरून फोन आला. बंद केले होते ते जाणारे फोन. येणाऱ्यांचं कोणीच काही बोललं नव्हतं.

"आईले द्या न जरा," पलीकडून एक कोवळा आवाज म्हणाला.

हेमलताचा चेहरा पांढराफटक पडला. तो पाहूनच इंदूताईंनी तिच्या हातातून रिसीव्हर घेतला. बराच वेळ त्या नुसत्या ऐकत राहिल्या.

"हो, जेवते मी, बाबू," शेवटी त्या म्हणाल्या. "पण आता तू घरी थांबू नको. जा."

त्यांनी रिसीव्हर खाली ठेवला. त्यावरचा हात मात्र त्यांना उचलवेना.