एकाच किल्लीची दोघं

धाकटं बाळ नोंदवलं की थोरलं गायब होत होतं. प्रसूतिगृहाच्या सॉफ्टवेअरमध्ये जुळी आली रे आली की हाच घोळ.

"यातली प्रायमरी की तूच बनवली होतीस ना?" टीमच्या मॅडमनी हळूच विचारलं.

मीच, असं थोरला म्हणाला. घरातलं हे नाव ऑफिसातही चिकटलं होतं. बाळाची ओळख पटवणारी प्रायमरी की त्याने दोन गोष्टी जोडून केली होती, आईचा नोंदणी क्रमांक आणि जन्मतारीख. जुळ्यांचं दोन्ही सारखंच. त्यामुळे जावा या संगणकभाषेच्या लेखी बाळ एकच, आणि दुसरं पहिल्याला पुसून त्याच्या जागी बसायचं. स्वतः जुळा असून पठ्ठ्या जुळ्यांनाच विसरला होता. एरवी शेजारच्या टेस्टर मुलीने यावरून त्याला सळो की पळो करून सोडलं असतं. आज तिने, त्याच्याच शेजारी बसून काम करणाऱ्या त्याच्या धाकट्या भावाच्या रिकाम्या खुर्चीवरची आपली पिशवी तेवढी उचलली आणि थोरल्याला चहा आणून दिला.

हे काम दुसऱ्या कुणाला देते, तू रजा वाढव, असं मॅडमनी सुचवून पाहिलं. त्याने ऐकलं नाही. तिकडे एक बाळंतीण दोन बाळं कुशीत घेऊन बसली होती आणि कागदोपत्री तिला एकच होतं. लसही एकालाच मिळणार होती.

त्याने कीमध्ये जन्मक्रमाचा तिसरा रकाना घातला. तरी थोरलं गायबच. बराच वेळ डोकं खाजवल्यावर माशी कुठे शिंकली ते कळलं. रकाना वाढला होता, पण दोन की सारख्या आहेत का हे ताडून बघणारा कोड जन्मक्रमाकडे ढुंकूनही बघत नव्हता. तो दुरुस्त केल्यावर पडद्यावर दोन ओळी उमटल्या. थोरलं आणि धाकटं. तो बघतच राहिला. टेस्टर उठून बाहेर गेली.

तेवढ्यात आईचा फोन आला. हृदयाच्या ऑपरेशननंतर ती मावशीकडे होती, आणि तिला धक्का बसेल असं काही कानावर घालू नका, अशी डॉक्टरांची ताकीद होती. तो जिन्यात आला.

"दोघं जेवलात का रे?"

"जेवलो, आई."

"धाकट्याला दे जरा."

"देतो."

त्याने फोन छातीशी धरला. दोन पायऱ्या पाय वाजवत उतरला, परत चढला. धाकटा बोलण्याआधी खाकरायचा. थोरला खाकरला.

"बोल, आई."

आई म्हणाली, "थोरल्या, तू रडलास का रे एकदा तरी?"