लादीला कान नसतात

“मीच झोपते,” सासूबाई म्हणाल्या, आणि कोणी हो-नाही म्हणायच्या आत चाचणीच्या टेबलावर चढून बसल्यासुद्धा.

सुनेनं कपाळाला हात लावला. सासूबाई आल्या होत्या नुसत्या सुनेचं ऑफिस बघायला, निदान घरून निघताना तसं सांगितलं होतं. पण ताकाला जाऊन भांडं लपवणं त्यांना कधी जमलंच नाही. उद्या सकाळी त्यांच्या छातीतल्या गाठीचा तुकडा काढून तपासणार होते. त्यांना ती सुई बघायची होती, आणि सून तसलीच यंत्रं घडवायच्या कामाला होती. मग दुसऱ्या कोणाला विचारायचं?

तुकडा काढला की त्या जागी तिळाएवढी धातूची खूण ठेवून देतात. पुढे कापायची वेळ आलीच, तर सर्जनला नेमकी जागा सापडावी म्हणून. ही खूण आत सोडणाऱ्या दांडक्यांची एक वाईट खोड असते. खूण कधीकधी सुईच्या टोकाला चिकटून मागे येते. मग गाठ एकीकडे, खूण भलतीकडे, आणि बाई बिचारी नको तिथे कापली जाते. सुनेनं दोन वर्षं त्या टोकाशी झुंज दिली होती. आता तिच्या नव्या दांडक्यात खूण सुईच्या बाजूच्या बारीक खिडकीतून बाहेर पडायची, आणि बटण दाबल्यावर खणखणीत खटका वाजायचा. एवढ्या चाचण्या झाल्या, एकही खूण हलली नव्हती.

त्या सगळ्या चाचण्या जेलीच्या लादीवर झाल्या होत्या. लादी मऊ, अंगासारखीच. टेबलाला पट्ट्यानं करकचून बांधलेली. सासूबाईंनी तिला बोट लावून बघितलं आणि म्हणाल्या, ही अशी मुसक्या बांधलेली कसली बाई? मला काय उद्या बांधणार आहेत का?

चाचणीला आलेल्या डॉक्टरीणबाई हसल्या. काकूंचं बरोबर आहे, करून बघू, म्हणाल्या. झालं. सासूबाई आडव्या झाल्या. त्यांच्या छातीवर जाड पत्रा, पत्र्यावर लादी, वरून चादर. सुई लादीतच जाणार होती, पत्र्यापलीकडे जायची शक्यताच नव्हती, तरी सुनेनं पत्रा दोनदा सरळ केला. सासूबाई मात्र छताकडे बघत डॉक्टरीणबाईंना मुलं किती, माहेर कुठलं, सगळं विचारून मोकळ्या झाल्या.

सुई आत गेली. सोनोग्राफीच्या पडद्यावर तिची पांढरी रेघ दिसली. डॉक्टरीणबाईंनी बटण दाबलं.

खट.

सासूबाई दचकल्या. थोड्याशाच, खांदा उचलला आणि श्वास आत ओढला, एवढंच. लादी त्यांच्याबरोबर हलली. सुई बाहेर आली तेव्हा पडद्यावर खूण होती, पण जिथे सोडली तिथे नव्हती. खिडकीतून अर्धी बाहेर पडताना अडकली आणि सुईमागोमाग चांगली दोन बोटं सरकून आली होती.

सुनेचा चेहरा पडला. इतके दिवस आपण उंटावरून शेळ्या हाकत होतो, असं तिला वाटलं, आणि ते खरंच होतं. तिच्या तोंडून निघून गेलं, “आई, हलायचं नसतं हो.”

“मी कुठे मुद्दाम हलले?” सासूबाई उठून बसल्या. त्यांनी लादी उचलून शेजारी ठेवली. “तुझ्या या लादीला कान नाहीत गं. मला आहेत.”

डॉक्टरीणबाईंनी मान डोलावली. बायका त्या आवाजाला दचकतात हे त्या रोज बघत होत्या. हलू नका म्हणून सांगायच्या आणि पुढे जायच्या. दांडक्याचा दोष म्हणून त्याकडे बघायचं त्यांनाही सुचलं नव्हतं. सुनेनं दांडकं उघडलं. खटका काढायचा, ती म्हणाली. त्याच्या जागी अंगठ्याखाली एक खाच करायची. डॉक्टरच्या बोटाला कळलं म्हणजे झालं, बाईच्या कानाला कळायची गरज नाही. बोलता बोलता तिचा आवाज सावरला.

“उद्या मला हेच लावणार ना?” सासूबाईंनी विचारलं.

सुनेचे हात थांबले. नाही, ती म्हणाली. याला अजून बऱ्याच परवानग्या लागतात, वर्ष तरी जाईल. उद्याचं दांडकं जुनंच. खटका यापेक्षा मोठा, आणि त्याच्या टोकाला ही खिडकीसुद्धा नाही. तिनं हे सगळं खाली बघून सांगितलं. स्वतःच्या घरातल्या माणसाला आपलं काम उपयोगी पडू नये, याचं तिला रडू येत होतं.

“ते जुनं आहे का इथे?”

होतं. तुलना करायला कपाटात ठेवलेलं. सासूबाई पुन्हा आडव्या झाल्या, चादर स्वतःच ओढून घेतली. सुई नको, नुसतं वाजव, म्हणाल्या.

सून त्यांच्या कानाशी बसली. खट. सासूबाईंचा खांदा उडाला. पुन्हा, म्हणाल्या. खट. पापण्या लवल्या. पुन्हा. डॉक्टरीणबाई मध्येच पाण्याचा पेला ठेवून हळूच बाहेर गेल्या. सून वाजवत राहिली आणि सासूबाई छताकडे बघत ऐकत राहिल्या. हळूहळू त्यांचा चादरीवरचा हात सैल पडला, बोटं उलगडली.

खट.

या वेळी त्या जराही हलल्या नाहीत. पण कानाशी बसलेल्या सुनेनं डोळे गच्च मिटून घेतले होते.

सासूबाईंनी मान वळवून तिच्याकडे बघितलं आणि तिच्या हातातलं दांडकं काढून घेतलं.

“इकडे ये,” त्या म्हणाल्या. “आता तू झोप. मी वाजवते.”