मीठ शेठच घालणार

आमच्या केटरिंगमध्ये मीठ फक्त शेठ घालतो. त्या दिवशी त्याला सर्दी झालेली, तोंडाला चवच नव्हती. रस्सा चाखला आणि परत मूठभर टाकलं.

"शेठ, खारट होईल," गोदाक्का म्हणाली. वीस वर्षं इथं रांधते ती.

"मला शिकवतेस?"

पहिल्याच पंगतीत लोकांनी वाट्या सरकवल्या. शेठ तरातरा आत आला. "अक्का, माझ्यानंतर परत मीठ घातलंस ना? उद्यापासून येऊ नकोस."

माझं डोकंच फिरलं. "तिनं नाही, तुम्हीच घातलंत. सगळ्यांनी पाहिलंय."

"कुणी पाहिलंय?" शेठनं विचारलं.

पुऱ्या लाटणाऱ्या सहाही बायका खाली बघून लाटत राहिल्या. मी अक्काकडे बघितलं. तिनं पदरानं तोंड पुसलं.

"ह्या पोरीनं घातलं, शेठ," ती माझ्याकडे बोट करून म्हणाली.