पाय ठेवतेय!

"पट्ट्याची कडी अडकली? मग आता आरोळी दे आणि ठेव पाय," दोरशिडीवर तिच्या मागे उभे असलेले खलाशांचे म्होरके तांडेलकाका म्हणाले.

ती डोलकाठीला घट्ट बिलगली होती. डेक चार मजले खाली होतं. समोर आडवी काठी, काठीला शीड आणि काठीखाली लोंबता एकच दोर. त्या दोरावर उभं राहून शीड गुंडाळायचं. सहा जण आधीच रांगेनं दोरावर उभे होते. जागा राहिली होती ती तिचीच.

शिडाच्या जहाजावरच्या या शिबिरात दहा दिवस तिनं बटाटे सोलले, पितळ घासलं, दोरांची वेटोळी घातली. वर चढायची पाळी आली की नेमकं तिचं पोट दुखायचं. मग वानरानं तिचं नाव ठेवलं 'नांगर'. वानर म्हणजे तिच्याहून वर्षानं लहान, पण रोज सगळ्यांच्या आधी वर जाऊन पार टोकाला उभा राहणारा पोरगा.

घरी फोनवर मात्र तिनं धाकट्या भावाला ठोकून दिलं होतं, "मी तर रोज वरच असते!" त्यानं ते वर्गभर केलं. आता तासाभरात जहाज धक्क्याला लागणार होतं, आणि भाऊ तिथं मान वर करून उभा असणार होता.

"काका, आरोळी कशाला? गुपचूप जाते ना."

"चालायचं नाही. सगळ्यांनी 'ठेव' म्हटल्याशिवाय दोरावर पाय टेकवायचा नाही."

म्हणजे सगळ्यांनी वळून आपली फजिती बघायची, असंच तिला वाटत आलं होतं. तिनं डोळे मिटले. "पाय ठेवतेय!"

"ठेव!"

"ठेव गं!"

"ठेव बाई एकदाची, भूक लागलीय!"

पाच आवाज आले. सहावा, वानराचा, येईना. आता हा नांगरावरून काहीतरी बोलणार, म्हणून तिनं टोकाकडे पाहिलं. वानरानं दोन्ही हातांनी काठीला मिठी मारली होती. गाल लाकडाला चिकटलेला, ओठ पांढरे.

"काय रे?"

"थांब गं ताई, जरा थांब! कुणी पाय ठेवला की अख्खा दोर हलतो. हलत्या दोरावरून चालायला नको, म्हणून तर मी रोज पहिला पळतो."

कुणी हसलं नाही. तिनं उचललेला पाय तसाच हवेत धरला.

"घे वेळ," ती म्हणाली. "घट्ट धरलंस की सांग."

बऱ्याच वेळानं टोकाकडून बारीक आवाज आला, "ठेव."

तिनं पाय टेकवला, तो इतका हळू, की जणू दोरावर कुणाचं तरी तान्हं बाळ झोपलं असावं.