चौथी रांग आणि एकोणतिसावी रांग

"एक चौथ्या रांगेत, दुसरी एकोणतिसाव्या रांगेत. मधे चांगल्या चोवीस रांगा. चालेल?" तिकीटबाईंनी विचारलं.

"पळेल," चश्मेवाले म्हणाले. "मधे भिंत घालता आली तर तीही घाला."

माणसं अकरा होती. चश्मेवाल्यांच्या मुलीचं लग्न दूरच्या गावी, आणि सगळं गणगोत एकाच विमानानं न्यायचं होतं. ऐन सुट्ट्यांत तिकीटबाईंनी दोन दिवस संगणकापुढं मान मोडून अकरा जागा मिळवल्या होत्या. आता प्रश्न उरला तो चश्मेवाल्यांच्या दोन बहिणींचा. थोरली अक्का आणि धाकटी. नऊ वर्षं दोघींमधून विस्तव जात नव्हता. वडील गेले तेव्हा धाकटी वेळेवर पोचली नाही. मला कुणी कळवलंच नाही, असं ती म्हणायची. तीनदा फोन केला, हिनं उचलला नाही, असं अक्का म्हणायची. तिथं जे गाडं अडलं ते अडलंच.

"चार तास शेजारी बसल्या तर उतरेपर्यंत रणकंदन होईल," चश्मेवाले म्हणाले. "लेकीनं माझ्याकडं एकच मागितलंय बघा. दोन्ही आत्या लग्नाला हव्यात, आणि भांडण नको."

"तुम्ही निर्धास्त राहा."

चश्मेवाल्यांसाठी तिकीटबाईंनी विमान स्वतः ढकललं असतं. सहा वर्षांपूर्वी बाईंनी या माडीवर एका खोलीची कचेरी थाटली, तेव्हा जिन्यात काळं कुत्रं फिरकत नव्हतं. खाली चश्म्यांचं दुकान. डोळे तपासायला येईल त्याला चश्मेवाले सांगायचे, "कुठं जायचं असलं तर वर जा. बाईंचं काम चोख आहे." पहिलं वर्ष त्या एका वाक्यावर निघालं. हे उपकार कधी फिटतील, असं बाईंना नेहमी वाटायचं. आता कुठं संधी आली होती.

निघायच्या तीन दिवस आधी त्यांनी बुकिंग पुन्हा एकदा उघडलं. चश्मेवाल्यांच्या सासूबाईंसाठी व्हीलचेअरची नोंद राहिली होती. ती टाकली आणि बंद केलं.

निघायच्या दिवशी सकाळी साडेदहाला फोन खणखणला.

"मी चश्मेवाल्यांची थोरली बहीण बोलतेय, विमानातून," पलीकडून करडा आवाज आला. "तुम्हाला दुसरी जागा सापडली नाही का हो? सतराव्या रांगेत हिच्या मांडीला मांडी लावून बसवलंय मला. एवढं साधं जमत नाही तर दुकान कशाला उघडलंत?"

"मला तरी कुठं हौस आहे," मागून दुसरा बाईमाणसाचा आवाज.

मग चश्मेवाले घाईघाईनं बोलले. "बाई, विमान गच्च भरलंय. कुणी उठायला तयार नाही. काय झालं हो हे?" आणि फोन बंद.

तिकीटबाईंनी पडद्यावर पाहिलं. दोघीही सतराव्या रांगेत, शेजारी शेजारी. ती व्हीलचेअरची नोंद नडली असणार. एवढं मोठं बुकिंग उघडल्यावर जागा पुन्हा पक्क्या करायच्या असतात, नाहीतर यंत्र आपल्या मनानं माणसं बसवतं. ही चूक नवख्यांची. नव्या पोरांना त्यांनी स्वतः यावरून चार शब्द ऐकवलेले. त्या दिवशी डबा तसाच राहिला. एका गिऱ्हाइकाला त्यांनी नाव तीनदा विचारलं, तेव्हा तो बिचारा म्हणाला, "उद्या येऊ का?"

आठ दिवस ना फोन ना निरोप. नवव्या दिवशी जिन्यात ओळखीची पावलं वाजली. बाईंनी माफीचे शब्द मनात जुळवले आणि उभ्या राहिल्या.

चश्मेवाल्यांच्या हातात फुलझाडाची कुंडी होती. ती टेबलावर ठेवून त्यांनी सरळ हात जोडले.

"पहिला तासभर एक खिडकीबाहेर बघत होती, दुसरी समोरच्या खुर्चीकडं. मी मागं जीव मुठीत धरून बसलो होतो. मग बोलणं ऐकू आलं. मग रडणं. उतरलो तेव्हा अक्काची शाल धाकटीच्या खांद्यावर होती. लग्नात दोघी एकमेकींना सोडून जेवल्या नाहीत हो. लेक पाठवणीला रडली नाही, ते बघून रडली."

"पण चूक ती चूकच," तिकीटबाई खालच्या आवाजात म्हणाल्या. "तुम्ही विश्वासानं सांगितलं होतं."

"अशी चूक दरवर्षी करा. माझं घर जोडलंत तुम्ही."

ते गेल्यावर बाई कितीतरी वेळ कुंडीकडं बघत राहिल्या. देवानं आपल्या हातून भलं करून घेतलं, म्हणून त्यांना भरून आलं. तरी मनात सलत होतंच. आयुष्यभर चोख काम केलं, आणि हात जोडले गेले ते गचाळ कामापुढं.

दुसऱ्या दिवशी धाकटी आली. पन्नाशीची, जिना चढून धापा टाकणारी. बाईंनी खुर्ची दिली, पाणी दिलं.

"दादा म्हणाला, तुम्ही फार मनाला लावून घेतलंय," ती म्हणाली. "म्हणून आले. चूक तुमची नव्हती. मात्र अक्काला कळता कामा नये."

"म्हणजे?"

"निघायच्या आदल्या दिवशी मी विमान कंपनीला फोन केला होता. मला अक्काच्या शेजारी बसवा म्हणून."

"अहो, मग जागा तुम्ही बदलून घेतलीत तर."

"मी कुठली," धाकटी हसली, आणि तिनं पदरानं डोळे टिपले. "तिथली मुलगी म्हणाली, 'तुमच्या अक्कांनी तासाभरापूर्वीच फोन करून दोघींना शेजारी बसवून घेतलंय.'"