सोलापुरातला हीटर

गाडीचा हीटर सुरू केला तरी गारच वारा. मागच्या सीटवरून माकडटोपीतली आई म्हणाली, "ऊब नसेल तर मी महाबळेश्वरला येत नाही." सात वर्षांनी ती घराबाहेर पडायला तयार झाली होती आणि हा डबा तिला परत घरात बसवणार!

गाडी गॅरेजात नेली. शिवलिंग मिस्त्रीनं बॉनेट उघडलं आणि शिव्याच सुरू केल्या. "इंजिनाचं गरम पाणी हीटरला पोचतच नाही! दोन्ही नळ्या एकमेकींना जोडल्यात. कुठल्या गाढवानं केलं हे?"

"तूच रे गाढवा," आई म्हणाली. "मागच्या उन्हाळ्यात. 'सोलापुरात हीटर काय पापड भाजायला?' म्हणालास."

मिस्त्रीनं नळ्या हीटरला जोडल्या, पाणी भरलं. गरम वारा आला. आईनं टोपी काढली.

तेवढ्यात मिस्त्रीची छाती फुगली. "पण जोड कसला होता, मावशी! एक थेंब गळला नाही."