हार्टलींच्या माळ्यावरची ओल

“सही इथे, आणि खाली इथे,” क्रेगने कागद टेबलावर सरकवले. “तोवर साहेब किमतीत आणखी काही सोडतात का बघतो.” फोन कानाला लावून तो मागच्या अंगणात गेला आणि फाटकापाशी उभा राहिला.

क्लिफर्ड हार्टली पेन धरून बसला. छताला फोम मारणाऱ्या कंपनीचा हा विक्रेता येऊन तीन तास होत आले होते. तीनदा चहा झाला होता. पहिल्या कपाला तो ‘मिस्टर हार्टली’ म्हणत होता, तिसऱ्याला ‘क्लिफर्ड’वर आला होता. गुडघ्यांमुळे क्लिफर्ड खालीच थांबला, क्रेग एकटाच माळा बघायला म्हणून वर गेला. खाली येऊन फोनमध्ये फोटो दाखवला. छताची लाकडं बुरशीने काळी पडलेली. आतून फोमचा फवारा मारला की घर उबदार राहील, ओल धरणार नाही, आणि आजच ठरवलं तर निम्म्या किमतीत.

क्लिफर्ड नाहीच म्हणत होता. मग क्रेगने भिंतीवरच्या त्याच्या बायकोच्या, मार्जरीच्या फोटोकडे बघून विचारलं, “यांना खोकला होता का हो?”

होता. दोन हिवाळे होता. मार्चमध्ये ती गेली.

“ही बुरशी तुमच्या पलंगाच्या बरोबर वर आहे,” क्रेग म्हणाला. “मी काही डॉक्टर नाही. पण या दोन वर्षांत कुणी वर चढून बघितलं असतं, तर…”

त्यानंतर क्लिफर्ड नाही म्हणाला नव्हता.

गल्लीपलीकडे बेरिल व्हिटम आपल्या स्वयंपाकघराच्या खिडकीशी बटाटे सोलत होती. खिडकी बंद होती. फाटकाशी उभ्या असलेल्या त्या माणसाचा एक शब्दही तिला ऐकू येत नव्हता. पण त्याचं तोंड तिच्याकडे होतं, तेवढं तिला पुरे होतं. लँकेशरच्या बाकी पोरींसारखी तीही पंधराव्या वर्षी कापडगिरणीत मागावर उभी राहिली होती. चारशे मागांच्या खडखडाटात आवाज पोचत नसे. सगळे ओठांनी बोलायचे आणि ओठांवरून वाचायचे. गिरणी बंद होऊन चाळीस वर्षं झाली. ओठ तिला अजून वाचता येत होते.

तिने सुरी खाली ठेवली, हात पुसले आणि गल्ली ओलांडली.

“आजी, आमचं जरा कामाचं चाललंय,” क्रेग तिच्यामागोमाग आत येत म्हणाला.

“चालू दे की. मी किटली भरतेय.”

ती मोठ्याने बोलली असती तर त्याने तिला खोटं पाडलं असतं. बोलण्यात तो कुणाला हरणारा नव्हता. शिवाय परक्यासमोर क्लिफर्ड मूर्ख ठरला असता. बेरिल क्रेगच्या खुर्चीमागे, नळाशी उभी राहिली. किटलीत पाणी सोडलं. क्लिफर्डकडे तोंड केलं आणि आवाज न करता ओठ मोठे मोठे हलवले.

‘माळ्यावर चढलाच नाही तो.’

क्लिफर्डचं पेन थांबलं. तो त्याच गिरणीत वीस वर्षं जॉबर होता, माग दुरुस्त करायचा. माग बिघडला की बायका त्याला अशाच बोलवायच्या.

“साहेबांनी आणखी थोडे पैसे सोडले,” क्रेग सांगत होता. “पण फक्त आजच्यापुरते हं.”

‘फोटो दुसऱ्याच घराचा,’ बेरिलचे ओठ म्हणाले. ‘साहेबाला सांगत होता. म्हाताऱ्याला खोकल्याचं बरोबर लागलं, म्हणाला.’

क्लिफर्डने वर छताकडे बघितलं.

“वर ती पाण्याची टाकी आहे ना,” तो म्हणाला, “तिला गंज चढलाय का?”

“किंचित. आमची माणसं ती झाकून घेतील. तुम्ही कशाला काळजी करता?”

“ती आम्ही बावीस वर्षांपूर्वी काढली.”

नळ अजून चालूच होता. बेरिलने तो बंद केला.

“मग तो पाइप असेल,” क्रेग म्हणाला. “वर अंधार आहे, क्लिफर्ड, तुम्ही असं…”

“मिस्टर हार्टली,” बेरिल म्हणाली.

क्लिफर्डने पेनाला टोपण लावलं, ते कागदांवर ठेवलं आणि सगळं त्याच्याकडे सरकवलं. क्रेगने बॅग भरली. “बसा मग थंडीत,” असं दारातून म्हणाला.

“बसू की. कोट आहेत आमच्याकडे,” बेरिल म्हणाली आणि दार लावून घेतलं.

ती वळली तेव्हा क्लिफर्ड जिन्याखालून शिडी ओढून काढत होता.

“हे काय आता? तुझे गुडघे?”

“वर नेऊ लाग. आणि धर. तुझा खुबा टिकेल ना?”

“तेवढाच तर नवा आहे माझ्यातला.”

वर, जिना संपतो तिथे तिने शिडी धरली. एकेका पायरीवर दोन्ही पाय टेकवत तो चढला. डोक्याने माळ्याचं झाकण सारलं, टॉर्च लावला आणि कमरेपर्यंत दिसेनासा झाला. तिला खालून त्याचे पाय तेवढे दिसत होते. वर लाकडावरून तळहात फिरल्याचा आवाज येत होता. एका वाशावरून दुसऱ्यावर. मग थोडा पुढे वाकून तिसऱ्यावर.

“काय रे?” तिने विचारलं.

टॉर्चचा उजेड आणखी आत, पलंगाच्या बाजूला सरकला.

“कोरडं आहे,” वरून आवाज आला. मग पुन्हा, हळू, “पलंगाच्या वरचंही कोरडं आहे, बेरिल.”

पाय जागचे हलले नाहीत. शिडी मात्र बारीक थरथरू लागली. बेरिलने ती दोन्ही हातांनी घट्ट धरली आणि समोरच्या भिंतीकडे बघत राहिली.

“सावकाश उतर,” ती म्हणाली. “मी गॅसवर काही ठेवून आले नाहीये.”